एका पळीची श्रीमंती

कुंभेरी संस्थानाचे दिवाण टिपणीस विलायतेला जाऊन आले आणि येताना एक इंग्रजी शब्द घेऊन आले. शब्द होता 'सेट'. सूर्य मावळला तरी सेट, दही लागलं तरी सेट, मोडलेलं हाड बसवलं तरी सेट!

भर दरबारात ते म्हणाले, "महाराज, एका शब्दात केवढी कामं! याला म्हणतात श्रीमंत भाषा. आपल्या मराठीत दर कामाला निराळा शब्द. दरिद्री कुठली! मराठी शाळा बंदच करू या."

महाराजांनी मान डोलावली. दिवाणांपुढे ते एवढंच करत.

शाळेच्या मुख्याध्यापिका म्हाळसाबाई पानसे यांच्या कानावर हे सगळं आलं. शाळाबंदीच्या हुकमावर सही व्हायच्या दिवशी राजवाड्यात मेजवानी होती. बाईंनी वाढायचं काम मागून घेतलं.

पंगत बसली. बाईंनी दिवाणांच्या पानात पळीनं आमटी वाढली. तीच पळी, न धुता, श्रीखंडात बुडवली आणि तेही वाढलं. मग ती मठ्ठ्याकडे वळवली.

दिवाण ओरडले, "अहो बाई! श्रीखंडाला आमटीची पळी? राजवाड्यात एवढं दारिद्र्य?"

"दारिद्र्य कसलं, दिवाणसाहेब?" बाई नम्रपणे म्हणाल्या. "एका पळीत केवढी कामं! तुमच्याच हिशेबानं ही श्रीमंती झाली."

दिवाणांनी आमटी लागलेलं श्रीखंड बाजूला सारलं. बाई पुढच्या पानाकडे, म्हणजे महाराजांकडे, सरकल्या.

महाराजांनी घाईघाईनं पानावर दोन्ही हात आडवे धरले.

"बाई, शाळा चालू राहील! आधी ती पळी खाली ठेवा."