धुतलेला पंप

"पंप धुतला होता का, काका?"

केतकीने एवढंच विचारलं होतं. आवाजही चढवला नव्हता. शेतात चार माणसं उभी होती आणि तिच्या हातात हरभऱ्याचा एक शेंडा होता.

शेंडा वाकडा होता... कानातल्या बाळीसारखा आत वळलेला. काल दुपारी सरळ होता. पहाटे तिला आधी तो एकच दिसला. मग दुसरा दिसला. मग तिने मोजणं सोडून दिलं.

उकंडाकाका खाली मान घालून उभे होते. मठाच्या शेतात एकवीस वर्षं राबलेला माणूस. फवारणीला त्यांचा हात असला की थेंब वाया जात नाही, असं गावच म्हणायचं. त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला, परत बांधला.

"नाई धुतला," ते म्हणाले. "साफच असते ना थो..."

झालं. चार माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. गावाला आणखी काय लागतं?

पंप साफ का नव्हता, हे त्या शेतात एकाच जिवाला ठाऊक होतं. दोन दिवसांआधी संध्याकाळी धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या गाजरगवतावर केतकीने स्वतः तणनाशक मारलं होतं. टाकी रिकामी झाली, दिवस बुडाला, बोरीच्या झुडपात काहीतरी सळसळलं. ती दचकली आणि पंप तसाच शेतातल्या झोपडीत टाकून पळत मठात आली. सकाळी धुऊ, म्हणाली.

सकाळी उकंडाकाका तिच्याआधी उठले. त्याच पंपात अळीचं औषध भरलं आणि दोन एकर हरभरा फवारून मोकळे झाले.

टाकीच्या तळाशी राहिलं ते रुंद पानाचं तण मारणारं औषध होतं. हरभऱ्याचंही पान त्याच जातीचं. औषधाला काय कळतं, तण कोणतं नि पीक कोणतं?

केतकीला कळत होतं. कृषी महाविद्यालयात चार वर्षं तिने हेच वाचलं होतं. परीक्षेत या प्रश्नाचे पुरे गुण मिळाले होते तिला.

पण ती खोटं बोलली नव्हती. मी फक्त विचारलं, असं ती स्वतःला सांगत राहिली. जेवताना सांगितलं, विहिरीवर सांगितलं, आरतीत टाळ वाजवता वाजवता सांगितलं.

मी फक्त विचारलं...

*

वत्सामायने जळालेला हरभरा पाहिला तेव्हा ती एकच शब्द बोलली होती.

"बरं."

माय म्हणजे मठाची गादी सांभाळणारी म्हातारी. ऐंशी उलटलेली, मुठीएवढी. प्रवचन वगैरे काही करायची नाही. मठाचं आठ एकर शेत आणि ती. केतकी पदवी घेऊन तालुक्याहून तिच्याकडे आली ती तिची शिष्या व्हायला. कार्तिकी पुनवेला दीक्षेचा उपदेश द्यायचं मायने कबूल केलं होतं.

तोवर शेत सांभाळ, म्हणाली होती.

गाव मात्र एका शब्दावर थांबलं नाही. "उकंड्याच्या हाती पंप देसान, तं शेताची होळी करून ठेवीन," हे वाक्य पारावर जन्मलं आणि तीन दिवसांत घरोघरी जेवून आलं. नाव आधीच उकंडा... उकिरड्यावरून ठेवलेलं, जगावा म्हणून. आता पोरंसोरं त्यावर हसू लागली.

उकंडाकाका मठाच्या शेतात परत आले नाहीत. त्यांना कोणी येऊ नका म्हटलं नव्हतं.

कोणी या, असंही म्हटलं नव्हतं.

त्यांचं घर नाल्यापलीकडे, शेताच्या धुऱ्यावरून समोरच दिसायचं. केतकी त्या धुऱ्याला फिरकेना. पाणी पाहायचं असलं की लांबून वळसा घालायची.

आणि एक गोष्ट तिला उमजत नव्हती. त्या दिवसापासून माय रोज सकाळी विहिरीच्या कठड्याशी बसून तो पंप धुवायची. तीन पाण्यांनी धुवायची, झाकण उघडून उन्हात पालथा घालायची. पंप तर नंतर कोणी वापरलाच नव्हता.

म्हातारीला विसर पडत असेल, असं केतकी मनाशी म्हणाली. तेवढ्यावर निभावलं.

*

दिवाळी झाली. उरलेल्या सहा एकरांत चांदवेल माजली.

हरभऱ्यात चांदवेल माजली की औषध चालत नाही. वेल मरायची, पीकही मरायचं. हातानंच काढावी लागते. पण गावातल्या साऱ्या बायका कापसाच्या वेचणीला लागलेल्या. निंदणाला, तण काढायला, कोणी मिळेना. माय एकटीच उकिडवी बसून ओळीमागून ओळ सरकत होती.

केतकीने खुरपं घेतलं आणि मठाकडच्या धुऱ्यावर उभी राहिली.

"माय, मी येते निंदायला."

मायने वर पाहिलं नाही.

"तुह्यं तं झालं ना निंदून."

"कुठे झालं? मी तर आज पहिल्यांदाच खुरपं..."

ती बोलता बोलता थांबली. डोक्यावरून एक टिटवी ओरडत गेली आणि खुरपं हातातून सुटून दगडावर खणकन पडलं.

माय हाताने माती चाचपत होती.

"मी कोणाची निंदा नाही केली, माय," केतकी म्हणाली. गाल तापले होते. "मी फक्त विचारलं होतं."

"व्हय. लय चांगलं इचारलं."

"त्यांनी स्वतःच सांगितलं, नाई धुतला म्हणून."

"खरा माणूस हाय थो. खरं सांगतलं."

"मग?"

माय दोन विती पुढे सरकली. मग समोरच्या झाडाकडे बोट केलं.

"हे चांदवेल उपट पाहू."

केतकी खाली बसली. पांढुरक्या फुलांची वेल हरभऱ्याला खालपासून शेंड्यापर्यंत वेढून बसली होती. तिने बुडाशी धरली आणि जोर लावला. वेल निघाली. तिच्यासकट हरभऱ्याचं झाडही मुळासह हातात आलं.

"काय उपटलं?"

"चांदवेल."

"अन् हे?"

"हे... सोबत आलं."

"हं," माय म्हणाली. "सोबत आलं."

तिने ते झाड केतकीच्या हातातून घेतलं, मुळांवरची माती झटकली आणि पदराच्या ओच्यात ठेवलं. रात्री जेवणात हरभऱ्याच्या पाल्याची भाजी होती. केतकीने ती पानात तशीच ठेवली.

*

"मग मी करू काय?" तिने दुसऱ्या दिवशी सकाळी विचारलं. आवाजात रडू होतं, पण त्यात थोडी रागाची धारही होती. "तण वाढतंय. पुनव आठ दिवसांवर आली."

"पुनव आभायात असते. तिले कोनी निंदत नाई. तिची काळजी नको करू."

"माय, थट्टा नको ना."

"उकंडाले हाक मार. तिकून ओ आली का खुरपं घे."

केतकी नाल्याच्या धुऱ्यावर गेली. बऱ्याच दिवसांनी गेली. पलीकडे कुडाचं घर, दारात तुळस, छपरातून चुलीचा धूर निघत होता. म्हणजे घरात माणूस होतं. तिला वाटलं होतं, दार बंद असेल तर बरं.

"उकंडाकाका..."

आवाज ओठांबाहेर जेमतेम पडला.

"मुंगीले हाक मारतं का?" माय मागून म्हणाली.

"उकंडाकाकाऽऽ... निंदायला या... माय बोलावतेय..."

धूर सरळ वर जात राहिला. कोणी बाहेर आलं नाही.

"नाही येत ते," केतकी मागे वळून म्हणाली. तिला जरा हलकं वाटत होतं, आणि हलकं वाटतंय याची भीतीही.

"उद्या मार."

दुसऱ्या सकाळीही मारली. रात्रभर विचार करून शब्द जुळवून आणले होते.

"उकंडाकाकाऽऽ... झालं गेलं विसरून जा... आमच्या मनात काही नाही..."

धूर होता. धुरात भाकरीचा वास होता. घराने ओ दिली नाही.

केतकी मागे वळली, तर माय हसत होती. आवाज न करता, दात नसलेलं हसू.

"काय झालं?"

"काई नाई. मोठ्या मनाची हायेस. ज्याचं नुकसान झालं त्यालेच माफ करून आली."

केतकीने खुरपं जमिनीत रोवलं आणि ती मठात निघून गेली. ती दुपारी जेवली नाही. आपली पिशवी भरली. पदवीचा कागद घडी मोडू नये म्हणून वहीत घातला. पुन्हा काढला, पुन्हा घातला.

गेली मात्र नाही.

*

तिसऱ्या सकाळी धुकं होतं. केतकी विहिरीवर आली तेव्हा माय पंप धूत होती. थंडीने तिची बोटं निळी पडली होती.

"द्या इकडे," केतकी म्हणाली. "माय, तो धुतलेला आहे."

"कोनं धुतला?"

"तुम्हीच. काल. परवा. रोज धुता तुम्ही."

"व्हय."

"मग आता कशाला?"

मायने पाणी ओतलं, पंप हलवला, आतलं पाणी डचमळलं.

"एक दिस राह्यला व्हता ना धुवाचा," ती म्हणाली. "थो दिस कोनाचा, थे काई मले सापडत नाई. म्हून रोज धुतो."

मायने पाणी सांडलं. पाणी निवळ होतं... पहिल्या दिवसापासून निवळच असेल.

दुसरं पाणी ओतताना म्हातारीच्या हातून बादली निसटून कठड्यावर आदळली. केतकी एवढ्या तेवढ्याने दचकायची. आज दचकली नाही. ती वळली आणि नाल्याच्या धुऱ्याकडे चालू लागली. मग पळू लागली.

धुऱ्यालगतच्या वाटेने कापूस वेचणाऱ्या बायका ओटी बांधून चालल्या होत्या. तिला वाटलं, यांना जाऊ द्यावं. मग बोलावं. बायका हळू चालत होत्या... आणि ती वाट बघत उभी राहिली असती, तर पुढे बोललीच नसती. हे तिला नीट माहीत होतं. ती स्वतःला आता थोडी ओळखू लागली होती.

"उकंडाकाकाऽऽ..."

बायका थांबल्या.

"पंप मी धुतला नव्हता... धुऱ्यावर औषध मी मारलं होतं, पंप तसाच मी ठेवला... तुम्हाला विचारलं तेव्हा मला माहीत होतं..."

धुक्यात आवाज विरून गेला.

"काय म्हन्ते वो हे पोरगी?" वाटेवर एकीने दुसरीला विचारलं.

"पंपाचं सांगून राह्यली. उकंड्याच्या."

"म्हंजे त्याचा कसूर नव्हता?"

केतकीने तिकडे पाहिलं नाही.

"हरभरा मी जाळला, काकाऽऽ... दोन एकर... मी..."

ती नुसतीच समोर बघत राहिली. छपरातून धूर येत होता. आज तो सरळ नव्हता, धुक्याने दाबून खाली पसरला होता.

"ओ..."

आवाज बाईचा होता.

कुडाच्या दारातून गिरजाकाकू बाहेर आल्या. उकंडाकाकांची बायको. हाताला पीठ लागलेलं होतं. त्या नाल्याच्या काठापर्यंत आल्या आणि थांबल्या.

"थे नाईत घरी," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्या आंधीच गेले. वीटभट्टीवर. इकडं कोनी पंप हाती देईना म्हून... सन बी नाई केला."

केतकीने छपरावरच्या धुराकडे पाहिलं.

"दोन रोज आयकून राह्यली व्हती मी," काकू म्हणाल्या. "थ्या हाका त्यायच्या नावाच्या व्हत्या. थे नाईत, तं मी कशी ओ देऊ? आजची मात्र..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. घरात गेल्या. हात धुऊन, कमरेला पदर खोचून, खुरपं घेऊन आल्या. नाला ओलांडला. केतकीच्या बाजूने गेल्या, पण तिच्याकडे पाहिलं नाही. सरळ शेतात शिरून पहिल्या ओळीवर बसल्या आणि चांदवेलीचा एकेक वेढा सोडवू लागल्या. उलट्या बाजूने, सावकाश, हरभऱ्याचं पानही हलू न देता.

वाटेवरच्या बायका कुजबुजत पुढे गेल्या.

माय केव्हा येऊन मागे उभी राहिली होती, केतकीला कळलं नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं," ती म्हणाली. "काका इथे नाहीत, हे ठाऊक होतं तुम्हाला. आता त्यांना कोण सांगणार, माय? ते परत येतील का?"

मायने ओल्या हातातलं खुरपं पुढे केलं. केतकीने ते घेतलं. तिने शेताकडे पाहिलं. सहा एकर, आणि तीन बाया.

"गिरजेच्या मांगची ओळ धर," माय म्हणाली. "तिच्या हातून राह्यलेलं तण दिसलं, तं उपट... बोलू नको."