शूर्पारकात दोनाचे चार झाले

पूर्वी समुद्रकाठच्या शूर्पारक नगरात राजा मणिकंठ राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वीणावादकाच्या कुळात जन्मला होता. त्याचे नाव सुतंत्र. मोठा झाल्यावर तो राजसभेचा वादक झाला. राजा मनाने चांगला, पण त्याला पैजेचा भारी नाद. सभेत जो वादक हरेल त्याने आपल्या वीणेच्या तारा तिथेच उतरवायच्या आणि या नगरात पुन्हा वीणेला हात लावायचा नाही, असा राजाच्या आजोबांपासूनचा दंडक होता. तो मोडावा असे कोणाला कधी सुचले नव्हते.

एके दिवशी गलबतातून लीकस नावाचा ग्रीक यवन उतरला. बोलायला लागला की थांबायचे नाव नाही! सभेत येऊन तो म्हणाला, "महाराज, सगळं जग संख्येवर उभं आहे. स्वर म्हणजे संख्या, आणि माणसाचा आत्मा म्हणजे त्याच संख्यांनी लागलेली वीणा. तार बरोबर निम्म्यावर दाबा, वरचा सा बोलतो. एकास दोन!"

त्याने आपल्या छोट्या वीणेची तार दाबून दाखवली. वरचा सा खरोखरच बोलला. सगळ्यांत जास्त आनंद झाला तो सुतंत्राला. आयुष्यभर बोटे जे करीत आली त्यामागे एवढी सुंदर संख्या आहे, हे त्याला आजच कळत होते.

पण लीकसला कौतुक पचले नाही. "तारेला वजन टांगलं तरी तेच," तो म्हणाला. "वजन दुप्पट केलं की वरचा सा. माझ्या गुरूंच्या गुरूंनी सांगितलंय."

"करून पाहिलंय कधी?" सुतंत्राने विचारले.

"गुरूंनी सांगितल्यावर करून कशाला पाहायचं?"

राजाचे डोळे चमकले. "लागली पैज! वजनाच्या संख्येनं वरचा सा निघाला तर सुतंत्रानं तारा उतरवायच्या आणि लीकस आमचा वादक. नाही निघाला तर लीकसनं उतरवायच्या."

बिचाऱ्या सुतंत्राने कसलाच दावा केला नव्हता, पण राजापुढे बोलणार कोण? फळीवर तार ताणली, टोकाच्या लाकडी घोडीवरून खाली सोडली आणि तिला एक वजन टांगले. सा लागला. मग तेवढेच दुसरे वजन. लीकसने डोळे मिटून तार छेडली. वरचा सा राहिला दूर, पंचमही नाही. तीव्र मध्यमापाशी स्वर घर विसरलेल्या माणसासारखा रेंगाळत राहिला.

सभा खो खो हसली. लीकसने पुन्हा छेडली, पुन्हा तेच. त्याचा चेहरा पार उतरला. "संख्याच खोटी असेल," तो पुटपुटला, "तर मग माझ्या आत्म्यात उरलं काय?" आणि त्याचा हात आपल्या छोट्या वीणेच्या खुंट्यांकडे गेला.

सुतंत्र गप्प बसला असता तर सारे मिटले असते. पण त्याला त्या हाताकडे पाहवेना. शिवाय खुंटी पिळताना तार वर चढवायला आपल्या अंदाजापेक्षा फार जोर लागतो, हे त्याच्या मनगटाला पक्के ठाऊक होते. बोललो तर आपली वीणा जाईल, हे त्याला दिसत होते. तरी तो म्हणाला, "थांबा. आणखी एक वजन टांगा."

तीन वजनांना स्वर धैवताच्या पुढे सरकला, पण निषादाला पोचला नाही. "अजून एक," सुतंत्र म्हणाला.

चौथे वजन टांगले आणि तार अशी स्वच्छ वरच्या सा वर बोलली की डुलक्या घेणारे पुरोहितसुद्धा ताठ बसले.

"चार!" लीकस ओरडला. "लांबीत दोन, वजनात दोनाची दुप्पट! अहो, आमच्या पंथात शपथ घेतात ती चाराचीच!" तो भर सभेत नाचू लागला.

"दोनाचे चार झाले?" राजा म्हणाला. "आमच्याकडे त्याला लग्न म्हणतात, यवना!" सभा पुन्हा हसली, पण या वेळी लीकसही हसला.

मग सगळ्यांना पैज आठवली. वरचा सा निघाला होता. सुतंत्राने वीणा मांडीवर घेतली आणि प्रसन्न चेहऱ्याने पहिली तार उतरवली.

लीकसने झेप घेऊन त्याचा हात धरला. "मी दोन म्हणालो होतो. हरलो मी."

"पैज संख्येची होती. संख्या जिंकली."

"पण माझी संख्या हरली ना! सोडा ती खुंटी!"

दोघांची झटापट पाहून राजाला हसू आवरेना, आणि हसता हसता त्याचे डोळे भरून आले. "जिंकायला भांडणारे पुष्कळ पाहिले," तो म्हणाला, "हरायला भांडणारे आजच. आजोबांचा दंडक आजपासून बंद. चढवा ती तार!"

तार चढली. त्या दिवशी शूर्पारकात चार हातांनी वीणा वाजली आणि बंदरावरचे खलाशी माल उतरवायचे विसरले. "आचार्य, आत्मा खरंच वीणेसारखा असतो का हो?" लीकसने विचारले. "ते मला ठाऊक नाही," सुतंत्र म्हणाला, "पण तुम्ही माझा हात धरलात तेव्हा मला फार बरं वाटलं."

पूर्वजन्मीची एवढी गोष्ट सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्षूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे आजचा आपला भिक्षू आनंद. सगळ्यांआधी उत्तर देऊन टाकणारा आपला सोणक, तो लीकस. आणि सुतंत्र मीच होतो. भिक्षूंनो, समोरचा चुकला म्हणून आपण जिंकत असताना त्याला खरे सापडेपर्यंत त्याच्याजवळ थांबणे, याचे नाव मैत्री."

सगळ्यांत मोठ्याने हसला तो सोणक.