मुळ्याचा मुजरा

मुळ्याला मीठ पान वाढतानाच लावायचं, आधी नाही. आणि का, ते विचारायचं नाही! राजवाड्याच्या मुदपाकखान्याची मुख्य गोदाआत्या हे भाचीला रोज बजावत असे. म्हणून येसूने पहिल्याच दिवशी आधी मीठ लावून काय होतं ते बघून घेतलं होतं.

त्या दुपारी भैरजीराजांनी ताटातली मुळ्याची लांब फाक टोकाला धरून उचलली. ती ताठ राहिली.

“माझ्या राज्यात सगळे वाकून मुजरा करतात. हा का नाही?”

“महाराज, तो मुळा आहे,” आत्या म्हणाली.

“मग काय झालं? संध्याकाळपर्यंत त्याने वाकायचं, आणि मी म्हटलं की उठायचं. नाहीतर तू चूल सोडून गाव गाठायचं!”

आत्याने मुळा उकडला. वाकला! राजे म्हणाले, “ऊठ!” उठला नाही. दिवाणजींनी समजावून पाहिलं, तरी नाही.

“मेलाय तो,” येसू म्हणाली.

“तू गप्प बस!”

“गप्प बसले तर संध्याकाळी बैलगाडीत बसावं लागेल, आत्या.”

येसूने कच्च्या मुळ्याची पातळ फाक मिठाच्या दाट पाण्यात बुडवली. राजांचा विडा चघळून झाल्यावर तिने ती उचलली. शेंडा लुळा पडून खाली झुकला. मुजरा! मग तिने फाक धुऊन साध्या पाण्यात सोडली. राजे शेजारी बसून अधूनमधून “ऊठ” म्हणत राहिले. अखेर फाक ताठ झाली.

“मंत्र कोणता?”

“मीठ.”

परदेशी पाहुण्याने दिलेल्या सूक्ष्मदर्शकातून राजे आजवर फक्त स्वतःच्या मिशीचा केस बघत. येसूने त्याखाली मुळ्याचा पापुद्रा ठेवला.

“या खोल्या कसल्या?”

“पेशी. सगळा मुळा त्यांचाच. प्रत्येकीत पाणी, आणि त्याभोवती पातळ पडदा. तो पाण्याला येऊ-जाऊ देतो, मिठाला सहजी नाही. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी बाहेर; पेशी ढिल्या पडतात, मुळा वाकतो. बाहेर साधं पाणी असलं की ते आत. पेशी फुगतात, मुळा ताठ! आत्याने उकडला तेव्हा पडदेच निकामी झाले. मग पाणी धरून ठेवणार कोण?”

“दवंडी पिटा!” दिवाणजी ओरडले. “महाराजांच्या हुकुमाने मुळा वाकला! पोरी, चावडीवर तूच सांगायचं.”

“नाही सांगणार.”

आत्याने चिमटा काढला. “अगं, वडीलधारी माणसं सांगतायत!”

“सांगू देत. मी नाही म्हणणार. उद्या कुणीतरी वेशीवरचा धोंडा उचलून आणेल आणि म्हणेल, महाराज, आता याला वाकवा. धोंड्यात पेशी नसतात!”

दिवाणजींकडे पाहून राजे पोट धरून हसत सुटले. गळ्यातली मोत्यांची कंठी त्यांनी येसूला दिली, आणि आत्याची चूल कायम केली.