फौजदार खेकडा आणि गढूळ टाकी

एका बंदराच्या गावात एक खानावळ होती. तिचा मालक बाबल मोठा हौशी. गिऱ्हाइकांना मासे ताटात दिसतातच, ते पोहतानाही दिसावेत म्हणून त्याने काचेची मोठी टाकी आणली. तळाशी वाळू पसरली, समुद्राचं पाणी ओतलं आणि त्यात चार जीव सोडले: नारिंगी माशांची जोडी, काच चाटत फिरणारी एक गोगलगाय आणि पाठीवर शंख वागवणारा एक खेकडा. वाळू आधी धुऊन घ्यायची असते, हे मात्र बाबलला कोणी सांगितलं नव्हतं. टाकीचं पार ताक झालं.

सगळ्यात जास्त संतापला तो खेकडा. त्याला स्वच्छतेची भारी आवड. "कोणी केली ही घाण?" म्हणत तो पाय आपटत तपासाला निघाला. माशांना म्हणाला, "तुमच्या शेपट्या फार वळवळतात." गोगलगायीला म्हणाला, "तू काच पुसतेस की माखतेस?" या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात त्याच्या खेपा सुरू झाल्या. पाणी जरा निवळू लागलं की चोर पकडायला हा धावत सुटे, आणि पोचेपर्यंत ते पुन्हा गढूळ. मग त्याचा संशय आणखी पक्का होई. माशांनी त्याचं नाव फौजदार ठेवलं. बिचाऱ्याला तो मान वाटला.

संध्याकाळी बाबल काचेला नाक लावून उभा राहिला. "गिऱ्हाइकां इचारतत, टाकीत मासे आसत की पेज?" तो बायकोला म्हणाला. "फाल्या सकाळपर्यंत पाणी निवळला नाय, तर तुरटी फिरवतलंय."

घरच्या हंड्यात तो तशीच फिरवायचा. पण हंड्यात कोणी राहत नाही. ही टाकी चौघांचं घर होती, आणि तुरटी त्यांच्या जिवावर बेतणार होती. मासे भेदरून एकमेकांना चिकटले.

"आता तर चोर सापडलाच पाहिजे!" फौजदार गरजला आणि त्याने पाय उचलला.

"फौजदारसाहेब," काचेवरून गोगलगाय म्हणाली, "सकाळपर्यंत एका जागी बसाल का?"

"मी बसलो तर चोराला रान मोकळं!"

"चोराचं आम्ही बघतो. तुम्ही फक्त बसा."

खेकड्याला ते फार जड गेलं. पाय नुसते शिवशिवत होते. एकच फेरी मारून येऊ, असं त्याला दोनदा वाटलं. पण शेजारी मासे थरथरत होते. त्यांची त्याला दया आली, आणि ती त्याच्या रागाहून मोठी निघाली. त्याने मुकाट्याने सगळे पाय शंखात ओढून घेतले.

सकाळी त्याने डोळे बाहेर काढले, तर पाणी लख्ख. तळाची वाळू अगदी स्पष्ट दिसत होती आणि तिच्यावर पावलांच्या खोल रेघा उमटल्या होत्या. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, गोल गोल, उलटसुलट. माशांना पाय नसतात. गोगलगाय तर काचेवरून खाली उतरलीच नव्हती. खेकड्याने आधी त्या रेघा पाहिल्या, मग आपले पाय. लाल तो होताच, शरमेने आणखी लाल झाला.

तेवढ्यात बाबल तुरटीचा खडा घेऊन आला आणि बघतच राहिला. "अगो, हय ये! मासे दिसतत!" त्याने बायकोला हाक मारली आणि खडा खिशात टाकला. मासे आनंदाने गिरक्या घेऊ लागले.

"काय फौजदारसाहेब, सापडला का चोर?" त्यांनी विचारलं.

"सापडला," खेकडा म्हणाला. "रात्रीपासून या शंखात अटकेत आहे."

गोगलगाय इतकी हसली की काचेवरून सुटून वाळूत पडली. थोडा गाळ उठला. खेकडा जागचा हलला नाही, आणि तो गाळ आपसूक खाली बसला.

तात्पर्य: गाळ कोणी उठवला हे शोधत धावण्याआधी आपले पाय आवरावेत, बरंचसं पाणी तेवढ्यानेच निवळतं.