चरबी उतरवणारे बोकड

जनावरांना माणसांचं बोलणं कळायचं, पण माणसांना जनावरांचं कळत नव्हतं, त्या काळातली ही गोष्ट. इठाबाईच्या वाड्यात कबऱ्या आणि भुऱ्या असे दोन बोकड होते. जत्रा पंधरा दिवसांवर आली होती आणि खाटीक लठ्ठ बोकडच उचलतो, हे दोघांनी ऐकलं होतं.

कबऱ्या म्हणाला, "जीव खाऊन पळायचं, जरा दम घ्यायचा, पुन्हा पळायचं. चरबी अशीच उतरते."

"खुळा आहेस. संथ चालायचं, पण दिवसभर," भुऱ्या म्हणाला.

मग एक कुंपणापर्यंत उधळायचा आणि दुसरा बाभळीभोवती फिरत राहायचा. संध्याकाळी दोघांना अशी भूक लागायची, की मक्याच्या भरड्यात तोंड घालूनच ते वाद घालायचे. बोकड खायला लागले म्हणून इठाबाईनं भरडा वाढवला.

जत्रेच्या सकाळी खाटकानं दोघांच्या पाठी चाचपल्या. "दोन्ही चांगले भरलेत, बाई. काय केलंस?"

"मी कुठं काय केलं? आपणहून खातात."

कबऱ्यानं भुऱ्याकडे पाहिलं. भुऱ्याला काहीतरी सांगायचं होतं, पण त्याचं तोंड भरलेलं होतं.