ताक हिरवं का होतं?

"…मग यातली कुठली थीम लावू, काका? काळ्यावर सोनेरी, की फोटो आपोआप सरकणारी?"

शलाका तांबटने लॅपटॉप महिपती पेंटरांच्या पुढ्यात ठेवला. उत्साहानं तिला धड बसवतही नव्हतं.

फलटणच्या बाजारपेठेत पेंटरांनी चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले आणि ब्रश वाळले, पण त्यांनी पाटी लिहिलेलं दुकान सहसा बंद पडत नाही, असं लोक अजून म्हणतात. शलाका लहानपणी त्यांच्याकडे अक्षरं गिरवायला बसायची. आता ती पुण्याहून वेबसाइटचा कोर्स करून आली होती. काकांकडे आज ती विचारायला कमी, शाबासकी घ्यायला जास्त आली होती.

"कुणाची वेबसाइट?"

"बाबांच्या कल्हईच्या दुकानाची. तीन महिने झाले, एक फोन नाही. एक तारखेपासून बाबा साखर कारखान्याच्या गेटवर वॉचमन म्हणून जाणार. भट्टी बंद."

त्या भट्टीच्या धगीशेजारी ती लहानाची मोठी झाली होती.

"मोबाइलवर शोधलं तर सापडते का?"

"म्हणजे काय? 'फलटण कल्हई' टाका, पहिला नंबर आपला. कल्हई हा शब्द पानावर एकसष्ट वेळा घातलाय मी. थीम तेवढी जुनाट दिसतेय. ती बदलली की झालं."

"एकसष्ट…"

पेंटरांनी आत हाक मारली.

"अनुजा, कालचं पातेलं आण गं."

अनुजा त्यांची नवी सून. लग्नात मिळालेलं जुनं पितळी पातेलं तिनं मोठ्या हौसेनं वापरायला काढलं होतं. आता ते दोन्ही हातांत धरून ती आली, आणि तिचा चेहरा उतरलेला होता. आतलं ताक कडेनं हिरवट पडलं होतं.

शलाकाने नुसता वास घेतला. "कळकलंय. वहिनी, याची कल्हई गेलीय."

"काय गेलीय?" अनुजाने विचारलं.

शलाकाला हसू आलं. तांबटाच्या घरात असला प्रश्न जन्मात कुणी विचारला नव्हता; कल्हई म्हणजे आंबट पितळेला लागू नये म्हणून दिलेला कथलाचा थर, हे तिथं पोरंसोरंही जाणत.

"तू काही सांगू नकोस," पेंटर म्हणाले. "अनुजा, मोबाइलला विचार, हे असं का झालं."

अनुजा बोलत बोलत टाइप करू लागली. "पितळेच्या भांड्यात… ताक हिरवं… का होतं…"

उत्तरांची रांग लागली. लिंबू चोळा. चिंच लावा. राखेनं घासा. एकानं तर पितळ टाकून स्टील घ्या, असाच सल्ला दिला होता.

शलाकाने मोबाइल जवळजवळ हिसकावूनच घेतला. एक पान, दोन पानं, तीन. बाबांचं दुकान कुठंच नव्हतं. दोन गल्ल्या पलीकडे भट्टी, आणि ही बाई पातेलं माळ्यावर टाकायला निघालेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

"पण काका… ज्याला कल्हई हवी, तो कल्हईच शोधणार ना?"

"ज्याला तो शब्द माहीत आहे, त्याला तुझ्या बाबांचं घरही माहीत आहे."

शलाकाने मोबाइल अनुजाच्या हातात परत दिला.

"पाटी लिहायच्या आधी तुम्ही काय करायचात?"

"दोन दिवस एसटी स्टँडवर बसायचो. लोक पत्ता कसा विचारतात, ते ऐकायचो. दातांच्या डॉक्टरांची डिग्री मी खाली लिहिली. वर लिहिलं, दाढ दुखतेय का?"

चहा यायच्या आत शलाका चप्पल घालून पसार झाली होती.

एकसष्ट कल्हया तिनं त्याच दुपारी उपटून टाकल्या. पांढऱ्याशुभ्र पानावर साधे प्रश्न लिहिले. ताक हिरवं का होतं? आजीचं पातेलं काढलंय, वापरण्याआधी काय करू? पितळी डब्यात लोणचं ठेवलं तर चालेल का? प्रत्येकाखाली बाबांनी सांगितलेलं दोन ओळींचं उत्तर, पत्ता आणि फोन. पुढचे दिवस मात्र तिनं जीव मुठीत धरून काढले.

सव्वीस तारखेला ती धावतच आली. धाप लागलेली, डोळ्यांत पाणी, आणि तोंडभर हसू.

"बारामतीहून फोन आला, काका. साताऱ्याहून दोन. एक बाई तर पुण्याहून सोळा भांडी घेऊन येतेय. सगळ्यांचा प्रश्न तोच, आमचं ताक हिरवं होतंय. बाबांनी आज सकाळी कारखान्यात नाही म्हणून कळवलं. भट्टी पेटलीय."

पेंटरांनी मान डोलावली. त्यांनाही बरं वाटलं होतं, ते लपलं नाही.

"आणि काका, आता ती काळ्यावर सोनेरी थीम लावून टाकते. आता काय, आता कसं दुकान लखलखीत दिसलं पाहिजे…"

पेंटर उठले. फळीवरचं अनुजाचं पातेलं त्यांनी खाली घेतलं. शलाकाच्या बाबांकडून ते परवाच कल्हई होऊन आलं होतं. त्याचं तोंड शलाकाकडे करून त्यांनी ते तिच्या हातात दिलं.

"तुझे बाबा कल्हई आतून लावतात, की बाहेरून?"