चावडीसमोरून गेलेला वैद्य

आपल्या पणजोबांच्या पणजोबांनीही जी कुणाकडून तरी ऐकली होती, अशी ही फार जुनी गोष्ट आहे.

घाटाच्या पायथ्याशी एक खडकाळ गाव होतं. तिथल्या विहिरींचं पाणी इतकं जड, की सकाळी चढवलेली डाळ दुपारी शिजायची. लोक उन्हातान्हात राबायचे, पाणी कमी प्यायचे आणि मग त्यांना मूतखडे व्हायचे. कमरेत कळ उठली की धडधाकट गडीसुद्धा अंगणात गडाबडा लोळायचा.

त्या गावात दोन भाऊ राहायचे. आईबाप लवकर गेले, तेव्हा थोरल्यानं धाकट्याला खांद्यावर वाढवलं. थोरल्याला झाडपाल्याची मोठी जाण होती. सराट्याची काटेरी फळं, वायवर्ण्याची साल, खडकाच्या फटीतला पाषाणभेद आणि वर हुलग्यांचं कढण. कुणाला काय द्यायचं आणि किती, हे तो माणूस बघून ठरवायचा. चार-आठ दिवसांत खडा पडायचा. मग तो माणूस खडा पानात बांधून दाखवायला आणायचा. खडा मुगाएवढा असला तरी सांगताना तो सुपारीएवढा व्हायचा.

धाकट्याला भावाचा फार अभिमान होता. बाजारच्या दिवशी तो गर्दीतून उगाच फिरायचा, कुठं भावाचं नाव निघतंय का ते ऐकायला. कुणी भावाबद्दल वाकडं बोललं, की त्याचा हात आधी उठायचा आणि तोंड मागून उघडायचं.

एकच गोष्ट त्याला आवडत नसे. औषध देण्याआधी थोरला प्रत्येकाची नडगी अंगठ्यानं दाबून बघायचा. अंगठा उचलल्यावर कातडी वर आली तर ठीक. खळगा तसाच राहिला, तर तो पाल्याला हात लावत नसे. घाट चढून पलीकडच्या नगरातल्या मोठ्या वैद्यांकडे जा, आजच जा, एवढंच सांगायचा.

"दादा, लोक म्हणतात तुझी विद्या नडगीपाशी संपते," धाकटा एकदा चिडून म्हणाला.

"खरं तेच म्हणतात," थोरला सराटे निवडत म्हणाला. "कमरेमागे देवानं प्रत्येकाला दोन गाळण्या दिल्यात. गाळणीत बारीक खडा अडकला, तर माझा पाला त्याला वाट करून देतो. पण गाळणीच झिजली तर पाला काय करील? मी लोटाभर काढा पाजायचा आणि ते पाणी त्याच्या अंगातच साठायचं. तिथं माझं काम नाही."

पण सांगितलेली माणसं घाट चढत नसत. परक्या गावात जाऊन पाय दाखवायचे, म्हणजे आपली आणि गावाच्या वैद्याचीही नाचक्की, असं त्यांना वाटे. सूज लुगड्याखाली, धोतराखाली लपवून ती घरी बसत. वर्षाकाठी अशी दोन-तीन माणसं जात. थोरला प्रत्येकाच्या तिरडीला खांदा द्यायचा आणि दोन दिवस अन्नाला शिवायचा नाही.

एके सकाळी थोरल्याच्या पायात वहाण चढेना. वहाण आटली असेल, असं म्हणून धाकटा हसला. मग त्याचं भावाच्या तोंडाकडे लक्ष गेलं. डोळ्यांखाली फुगवटा होता. थोरल्यानं स्वतःच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा भरला नाही. हजार नडग्या त्यानं दाबल्या होत्या, आपली कधी दाबून पाहिली नव्हती.

धाकटा तसाच रानात धावला. घेटुळी, सराटे, हाताला लागेल ते मुळासकट उपटत सुटला. दुपारी तो डोक्यावर भलामोठा भारा घेऊन परतला, तळहात काट्यांनी फाटलेले.

थोरल्यानं भारा सोडून पाहिला. "यात अर्धं गवत आहे," तो म्हणाला. "म्हशीला घाल. ती तुला दुवा देईल."

धाकट्याला हसू आलं नाही. तो चूल पेटवायला वाकला, तेव्हा थोरल्यानं त्याचा हात धरला.

"पाय सुजलेल्या मथुरा कुंभारणीला जे मी दिलं नाही, ते स्वतः पिऊ? मला घाटापलीकडे ने."

धाकट्याला ते रुचलं नाही. पंचक्रोशीत नाव असलेला आपला भाऊ, तो परक्या वैद्याच्या दारात जाऊन बसणार. उद्या कोण येईल आपल्याकडे? शेवटी तो म्हणाला, नेतो, पण ओढ्याच्या वाटेनं, कुणाला कळायचं नाही.

"उद्या बाजार आहे," थोरला म्हणाला. "चावडीसमोरून ने."

दुसऱ्या दिवशी बाजार भरात आला, तेव्हा धाकटा भावाला पाठुंगळी घेऊन निघाला. माणसं बाजूला झाली. कुजबुज सुरू झाली. तेली घाण्याचं तेल विकत बसला होता. भावाच्या औषधानं त्याचे दोन खडे पडले होते, पण जीभ त्याची तिखटच.

"काय वैद्यबुवा, रानातला पाला संपला वाटतं?" तो म्हणाला. "आता परक्याच्या दारात झोळी?"

लोक हसले. धाकट्याचे कान लाल झाले. त्याचे दोन्ही हात भावाच्या पायांखाली अडकले होते, म्हणून तेली वाचला.

थोरल्यानं त्याला थांबायला सांगितलं. पाठीवरूनच त्यानं धोतर गुडघ्यापर्यंत वर घेतलं, नडगीवर अंगठा दाबला आणि तो खळगा साऱ्या बाजाराला दाखवला.

"नीट बघा. माझ्याकडे याचं औषध नाही. असतं तर तुम्हाला दिलं नसतं का? मी घाट चढतोय. ज्यांना ज्यांना मी जा म्हणालो होतो, त्यांनीही चला."

कुणी कुणाकडे बघेना.

मग मडक्यांच्या राशीमागून मथुरा कुंभारीण उठली. तिचे पाय रांजणासारखे झाले होते, ते आज पहिल्यांदा गावानं पाहिले. "माझ्या मडक्यांकडे बघा रे कुणीतरी," ती म्हणाली. "एक जरी फुटलं, तर आल्यावर बघून घेईन." तिच्या मागे एक धनगर काठी टेकत निघाला. आणि तेल्याच्या पालातून त्याचाच म्हातारा बाप बाहेर आला. मुलाकडे न बघता तो रांगेत जाऊन उभा राहिला. तेल्याच्या हातातलं माप तसंच राहिलं.

घाटाच्या पहिल्या वळणावर धाकट्यानं मागे पाहिलं. एकमेकांना हात देत तिघं चढत होती. भावाचं नाव त्यानं बाजारात पुष्कळदा ऐकलं होतं, पण आज पाठीवरचा भाऊ त्याला जसा कळला, तसा आधी कधी कळला नव्हता.

नगरातल्या वैद्यांनी चौघांना तपासलं. मीठ सोडायला लावलं, पाणी मोजून दिलं, औषधं सुरू केली. तिघांना ते म्हणाले, अजून वेळ आहे. थोरल्याला ते काही बोलले नाहीत, आणि त्यानं स्वतःबद्दल विचारलंही नाही.

तो अकरा दिवस जगला. त्या अकरा दिवसांत तो वैद्यांना एकसारखं विचारत राहिला, सुजेवर काय चालतं, काय चालत नाही, रोगी किती लवकर आणला तर वाचतो. जे कळलं ते धाकट्याकडून घोकून घेतलं. बाराव्या दिवशी सकाळी धाकट्याच्या मांडीवर त्याचा श्वास थांबला. धाकट्यानं खांबावर डोकं आपटून घेतलं. धनगरानं त्याला मिठी मारून धरलं, म्हणून तो थांबला.

महिन्याभरानं धाकटा आणि ती तिघं गावात परतली. मथुरेच्या पायांत पुन्हा जोडवी बसली होती. चावडीवर कुणीतरी हळहळत म्हणालं, अखेर वैद्याचं औषध त्याचं त्यालाच लागू पडलं नाही.

सगळ्यांना वाटलं, आता याचा हात उठणार. धाकटा ताठ उभा राहिला.

"लागू पडणार नव्हतंच," तो म्हणाला. "ते त्यानं भर बाजारात सांगितलं. म्हणून ही तिघं आज पायांनी चालत आली. असा वैद्य दुसऱ्या कुठल्या गावाला मिळाला असेल, तर त्या गावाचं नाव सांगा."

तेली उठला, आपल्या बापाचा हात धरून धाकट्यासमोर आला आणि दोघांनी त्याला वाकून नमस्कार केला. पुढच्याच आठवड्यात तेल्यानं पहार आणली, गावानं घमेली आणली, आणि घाटाच्या अवघड चढावर पायऱ्या खोदल्या गेल्या. त्या वाटेनं जायला पुढे कुणी लाजलं नाही.

मुलांनो आणि मोठ्यांनो, ध्यानात ठेवा: आपल्या विद्येची हद्द जो चारचौघांत सांगतो, त्याचीच विद्या खरी, आणि त्याच्यामुळेच पुष्कळांचे जीव वाचतात.